वाळूच्या थैलीवर चालणारा पाळणा

माझ्या बहिणीचा नवरा देवीदास याला मी तोंडावर 'जवाईबापू' म्हणत असे आणि पाठीमागे 'रिकामटेकडा'. दोन्ही मोठ्या आवाजात. मी अमरावतीच्या कचेरीत कारकून होतो, आमच्या माळी जातीत त्या बाजूला मॅट्रिक झालेला मी एकटाच, आणि त्यामुळे सगळ्यांना शहाणपण शिकवायचा आपल्याला परवाना मिळाला आहे अशी माझी पक्की समजूत होती. देवीदास आता राहिला नाही. त्याच्याबद्दल लिहायचं तर आधी हे कबूल करायला हवं.

बडनेऱ्याच्या अलीकडे, रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर त्याचा मळा होता. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि बांधाच्या कडेनं शेवंती. घरात तो, त्याची म्हातारी आई गोदाबाई आणि माझी धाकटी बहीण कौशल्या. देवीदासची शाळा तिसरीत सुटलेली. बोलणं इतकं कमी की चार वाक्यं झाली की त्यालाच दम लागायचा. पण हात गप्प बसत नसत. एखादी वस्तू त्याच्या हाती पडली की तो ती उलटीसुलटी करून बघणार आणि म्हणणार, "हे असं काहून केलं असन?" त्याला उत्तर देऊ नये. उत्तर दिलं की ती वस्तू आठ दिवसांत मोडून नव्यानं बनलेली असायची.

कौशल्येसाठी त्यानं एक विळी केली होती. पाटावर पाय आहे तोवर पातं उभं, पाय उचलला की पातं आपोआप खाली निजायचं. घरात रांगतं मूल असलं तर त्याचा हात कापू नये म्हणून. माझ्यासाठी शाईची दौत केली, दोन पितळी कड्यांमध्ये टांगलेली. टेबलाला धक्का बसला तरी शाई सांडत नसे. आमचे हेडक्लार्क ती दौत बघून आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. आणि पहिला मुलगा झाला तेव्हा त्यानं पांगुळगाडा केला. उतारावर आला की त्याची चाकं अडायची, गाडा पुढं पळायचा नाही. असा पांगुळगाडा मी पुन्हा कुठं पाहिला नाही. त्या गाड्याला धरून उभं राहायच्या आत तो मुलगा गेला. दहा महिन्यांचा होता. ताप आला आणि तिसऱ्या दिवशी संपलं.

नंतर मुलगी झाली. ती पाच महिन्यांची असताना उन्हाळ्यात हगवण लागून गेली.

तिसऱ्या खेपेला शालू झाली, आणि माझ्या बहिणीनं झोपणं सोडलं. हे मी वाढवून सांगत नाही. पाळणा हलायचा थांबला की शालू जागी व्हायची, आणि ती जागी झाली की कौशल्या तिच्या कपाळाला हात लावून ताप बघायची. दिवसा ती पाळण्याजवळ बसून भाजीच्या जुड्या बांधायची, एका हातात दोरी. रात्री दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून आडवी व्हायची आणि पाय हलवत राहायची. गोदाबाई म्हणायची, "मी हालवतो, तू नीज," तर ही ऐकायची नाही. आपला हात थांबला म्हणून आधीची दोन गेली असं काहीतरी तिनं मनाशी घेतलं होतं. सहा महिन्यांत तिचे डोळे खोल गेले. मळ्यात पाणी लावताना एकदा ती उभ्या उभ्या झोपली आणि पाण्याच्या दांडात पडली.

 देवीदास अकोल्याला गेला आणि एका जिनातल्या, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यातल्या, मोडीतून एक दातेरी लोखंडी चाक घेऊन आला.

ते चाक त्यानं पुढच्या दोन महिन्यांत कसं वापरलं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. जाड फळीवर बाभळीचे दोन खांब, मध्ये लाकडी पाळणा. एका खांबावर उंच ते चाक. चाकाच्या आसावर दोरी गुंडाळलेली आणि दोरीला वाळूची थैली. थैली आपल्या वजनानं खाली यायला बघणार, चाक फिरायला बघणार. पण पाळण्याच्या दांडीवरची एक खिटी चाकाच्या दातात अडकलेली. पाळणा एक झोका घेणार तेव्हा खिटी एक दात सोडणार, आणि सुटताना चाक पाळण्याला हलकासा रेटा देणार. भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाचंच तत्त्व. थैली वर ओढून ठेवली की अर्धा तास पाळणा आपोआप हलायचा. मग पुन्हा थैली वर ओढायची, बस.

मी पहिल्यांदा तो हलताना पाहिला तेव्हा रिकामटेकडा हा शब्द माझ्या घशातच राहिला.

पण आत शालू नव्हती. आत लाल फडक्यात गुंडाळलेला वरवंटा होता. आमच्याकडे रिकामा पाळणा कुणी हलवत नाही. ज्या घरातला पाळणा रिकामा हलतो त्या घरातल्या लेकराच्या जिवाला धोका, हे अंगणातली शेंबडी पोरंसुद्धा जाणतात. चुकून कुणाचा धक्का लागला तर बाया धावत जाऊन हातानं थांबवतात. आणि गोदाबाईच्या घरात तर दोन लेकरं गेलेली. तिनं मुलाला बजावलं होतं, "कर बाप्पा काय करायचं ते. पन रिकामा हालवशीन तर मी या घरात पानी पिनार नाई." म्हणून देवीदासनं शालूला कौशल्येच्या मांडीवरून उचलून भाजीच्या तागडीत जोखलं, तेवढ्याच वजनाचा वरवंटा शोधला आणि दोन महिने त्या वरवंट्याला झोके दिले. बारशाला पाळण्यात वरवंटा घालतातच, तेव्हा त्यात अपशकुन नव्हता.

"आता पोट्टीले ठेव," तो एक दिवस कौशल्येला म्हणाला.

"नाई."

"तुले झोप भेटन."

"मले नोको झोप. मी त्या लोखंडाच्या हाती माही पोट्टी देत नाई."

एवढंच. त्यावर त्यानं दुसऱ्यांदा विचारलं नाही. पाळणा ओसरीवर वरवंट्याला झुलवत राहिला आणि त्याच्याशेजारी माझी बहीण जुना पाळणा हातानं ओढत राहिली. मी दर रविवारी अमरावतीच्या राजापेठेतून सायकल मारत जायचो आणि हे बघून माझं डोकं फिरायचं. नवऱ्यानं हिच्यासाठी रक्त आटवलं आणि हिला त्याची कदर नाही, असं मला वाटायचं. तिची भीती काय आहे हे मी तिला कधी विचारलं नाही.

ते १९३५ साल. माघात अकोल्याला शेती आणि उद्योगांचं प्रदर्शन भरणार असल्याची जाहिरात कचेरीत आली. त्यात एक विभाग होता: घर, कचेरी आणि बालके यांच्या उपयोगाच्या नव्या वस्तू. पहिल्या आलेल्या वस्तूचे वीस नग करून ते तिथल्या एका जिनात, कापूस वेचून साफ करणाऱ्या बायांच्या लेकरांसाठी देणार होते. मी देवीदासला न विचारता अर्ज भरला. माझं अक्षर चांगलं होतं आणि ते दाखवायची संधी मी सोडत नसे. अर्जात शेवटी विचारलं होतं, वस्तू परीक्षकांना कशी दाखवणार? मी लिहिलं, 'पाळण्यात सजीव बालक ठेवून.'

का लिहिलं? दगड ठेवून दाखवणार असं लिहिलं तर हसतील म्हणून. आणि कौशल्येला ऐन वेळी चार लोकांसमोर नाही म्हणता येणार नाही, असा हिशेब होता म्हणून. हा हिशेब मी शांत डोक्यानं केला होता.

देवीदासला एवढंच सांगितलं की अकोल्याला पाळणा मांडायचा आहे. त्याचा चेहरा असा उजळला की मला थोडं ओशाळल्यासारखं झालं. पाळणा सुटा करून आम्ही बडनेऱ्याहून गाडीत चढवला. शालू अंगावर पीत होती म्हणून कौशल्या आली, आणि नात जिथं जाते तिथं मी, म्हणून गोदाबाईही आली. मूर्तिजापूर गेलं तरी कौशल्येनं पोरीवरचा पदर काढला नव्हता.

प्रदर्शनाचा मांडव गर्दीनं भरला होता. नव्या तऱ्हेचे नांगर, हातमाग, साबणाच्या वड्या. आमच्या पाळण्याभोवती बायांचा गराडा पडला. थैली खाली येते आहे, चाक टक्‌टक्‌ करतं आहे आणि पाळणा कुणी हात न लावता झुलतो आहे. एक म्हातारी खाली वाकून फळीखाली कुणी माणूस लपला आहे का ते बघून गेली. देवीदास खांबाला टेकून उभा होता. त्याच्या ओठांवर हसू होतं आणि ते त्याला लपवता येत नव्हतं.

मग परीक्षक आले. नागपूरचे निवृत्त इंजिनियर, पांढऱ्या मिशा, हातात आमचा अर्ज. त्यांनी चाक पाहिलं, खिटी पाहिली, घड्याळ काढून झोके मोजले आणि देवीदासला विचारलं, "हे तुम्ही स्वतः केलं? कुठं शिकलात?"

"मळ्यात," देवीदास म्हणाला.

त्यांना ते आवडलं. त्यांनी पाळण्यात डोकावून फडकं बाजूला केलं आणि वरवंटा दिसताच त्यांच्या भुवया वर गेल्या. "अर्जात सजीव बालक लिहिलं आहे. बालक कुठाय?"

देवीदासनं माझ्याकडं पाहिलं. कौशल्येनंही पाहिलं. तिला एका क्षणात सगळं कळलं, हे मला तिच्या हाताच्या मिठीवरून दिसलं. शालू तिच्या कडेवर होती, आठ महिन्यांची, गुबगुबीत, थैलीकडं बोट करून हुंकार देणारी.

"दगड झुलवायला पाळणा लागत नाही," परीक्षक म्हणाले. रागानं नाही, साधेपणानंच म्हणाले. "उद्या यात वीस आया आपापली मुलं ठेवतील. मला मूल ठेवलेलं बघायला हवं."

मी हात पुढं केले. "आण, कौशल्या. दोन मिनिटांचं काम आहे."

ती मागं सरकली.

"अगं, लोक बघताहेत. जवाईबापूंची मेहनत वाया घालवतेस का? आण इकडं." मी शालूच्या काखेत हात घातला. होय, घातला. पोरगी रडायला लागली. कौशल्येनं माझा हात झटकला आणि ती माझ्याशी नाही, नवऱ्याशी बोलली.

"अवो, तुमी सांगा. तुमी केला हा. ठेवू पोट्टीले? तुमी हो म्हना, मी ठेवतो."

 चाकाची टक्‌टक्‌ तेवढी ऐकू येत होती. देवीदासच्या कपाळावर, माघाच्या थंडीत, घाम आला होता. तो पाळण्याकडं बघायचा, पोरीकडं बघायचा. दोन महिन्यांत त्या पाळण्यानं एकदाही दगा दिला नव्हता. हो म्हणायला काय हरकत होती? पण त्यानं खांब दोन्ही हातांनी घट्ट धरला. माझा जीव नुसता तडफडत होता. म्हण ना बाबा, म्हण. आज आठवतं आणि अंगावर काटा येतो की त्या वेळी मला एकच काळजी होती, बक्षीस जातं की काय.

कौशल्या थोडा वेळ वाट बघत राहिली. मग म्हणाली, "वरवंटा काढा."

"काय?"

"वरवंटा काढा अन् रिकामा हालवा. मले पाहू द्या."

बायांमधून असा आवाज उठला की काय सांगू. गोदाबाईनं पुढं होऊन सुनेचं मनगट पकडलं. "कौसल्ये! जिभेले हाड हाय का नाई तुह्या? कडेवर पोट्टी घेऊन बोलून राहिली तू!"

"माय, आयका," कौशल्या म्हणाली.  "पोट्टी उठली, मी तिले उचलून घेतलं. थैली तं वरच हाय. मंग पाळना रिकामाच चालन ना? तवा तो काय करते हे कोनी पाह्यलं?"

कुणी पाहिलं नव्हतं. दोन महिने रोज चाललेल्या पाळण्यात ही एक गोष्ट कुणाच्या मनातच आली नव्हती, कारण ती मनात आणायचीच नाही असं आम्ही सगळे लहानपणापासून शिकलो होतो. परीक्षकांनी हातातलं घड्याळ खिशात ठेवलं आणि ते एक पाऊल मागं झाले.

देवीदास हलेना. तेव्हा कौशल्येनं शालूला सासूच्या कडेवर दिलं, म्हातारीचे दोन्ही हात पोरीभोवती नीट घातले आणि म्हणाली, "दूर घेऊन जा." मग तिनं पाळणा धरून थांबवला, वरवंटा उचलून जमिनीवर ठेवला, दोरी ओढून थैली वर नेली. तिच्या हाताला थैली जड जात होती. कुणी मदतीला पुढं झालं नाही. तिनं पाळण्याला एक झोका दिला आणि चटकन मागं आली.

पहिले दोन झोके नेहमीसारखेच. तिसरा थोडा वर गेला. पाळण्यात वजन नव्हतं, आणि चाकाचा रेटा मात्र तेवढाच होता. चौथा आणखी वर. एका बाईनं डोळे मिटून घेतले. पाचव्या झोक्याला पाळणा खांबाच्या निम्म्यापर्यंत चढला आणि देवीदास "थांबवा!" असं ओरडून पुढं झाला. परीक्षकांनी त्याचा सदरा मागून पकडला म्हणून तो वाचला. सहाव्या झोक्याला खिटी चाकाच्या दातांतून पूर्ण निसटली. चाक घरघरत सुटलं, थैली धाडकन फळीवर आदळून फुटली, आणि पाळणा उलटा होऊन खांबावर असा बसला की त्याची एक बाजू चिरली.

वाळू आमच्या पायांपर्यंत आली. लेकराला उचलायला आई जिथं वाकली असती, बरोबर तिथंच तो पाळणा आदळला होता.

परीक्षकांनी अर्जावर दोन ओळी लिहिल्या आणि ते जड पावलांनी पुढच्या वस्तूकडं गेले. जाताना कौशल्येला नमस्कार करून गेले, हे मी पाहिलं. देवीदास वाळूत खाली बसला. "वीस लेकरं," तो म्हणाला. पुन्हा म्हणाला, "वीस लेकरं होती." मग त्यानं खिशातून पाना काढला आणि तिथंच पाळणा सुटा करायला घेतला. नट त्याच्या हातून वाळूत पडत राहिले. मी मदतीला वाकलो तर त्यानं मानेनंच नको म्हटलं.

 परतीच्या गाडीत गोदाबाईनं शालूच्या तळव्यांवर आणि कपाळावर काजळाचे टिपके लावले.

पाचव्या दिवशी शालूला ताप भरला.

मला निरोप आला तेव्हा मी कचेरीतून थेट सायकलवर बसलो. मळ्यावर पोचलो तर ओसरीवर शेजारपाजारच्या चार बाया बसलेल्या, तोंडाला पदर लावून. त्या काय बोलत होत्या ते मला दारातूनच कळलं. अकोल्याला काय झालं ते बाजारातल्या भाजीवाल्या बायांपासून बडनेऱ्याच्या फलाटावरच्या हमालांपर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं होतं. डॉक्टर येऊन औषध देऊन गेले होते आणि वाट बघा म्हणाले होते. वाट बघा हे शब्द या घरानं दोनदा ऐकलेले होते.

तीन दिवस ताप उतरला नाही. मी मॅट्रिक, मी शहाणा, मी चौथ्या दिवशी पहाटे कुणाला न सांगता अंबादेवीला जाऊन नारळ फोडून आलो आणि म्हणालो, आई, रिकामा पाळणा हलवल्याचा दोष पोरीला लावू नकोस. हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगतो आहे.

आणि त्याच दिवशी दुपारी मी बहिणीला बोललो. भीती पोटात मावेनाशी झाली की माझ्यासारखा माणूस ती रागानं बाहेर काढतो. "तुला काय गरज होती?" मी म्हणालो. "नाही ठेवायची होती तर नाही म्हणायचं होतं. ते नसतं धाडस कशाला केलंस?"

गोदाबाई भिंतीला टेकून बसली होती.  माझ्या बोलण्यानं तिचा बांध फुटला आणि ती माझ्याकडं वळली. "मी हात धरला होता! चार लोकांत तिचा हात धरला होता मी, वामनराव, तुमी पाह्यलं. आयकलं नाई हिनं. सोताच्या हातानं रिकामा हालवला. आता भोग म्हना..." आणि म्हातारी रडायला लागली.

कौशल्या शालूच्या कपाळावरची ओली पट्टी बदलत होती. तिनं पट्टी पिळली, घडी केली, पुन्हा ठेवली. मग मान वर करून सासूकडं पाहिलं.

"माय," ती म्हणाली, "माहे दोन गेले. तवा कोनी हालवला होता रिकामा?"

मी आयुष्यात कचेरीत, कोर्टात, सभांमध्ये पुष्कळ बोलणी ऐकली. या प्रश्नासारखा प्रश्न ऐकला नाही. ती भांडत नव्हती. तिला खरोखर उत्तर हवं होतं. "कोनीच नाई," तीच पुढं म्हणाली. "तुमी हालवू देला नाई. मी हालवू देला नाई. सारं सारं पाळलं आपन. तरी गेले ना?"

गोदाबाईचं रडणं थांबलं. दारात देवीदास उभा होता, त्यालाही ते ऐकू गेलं.  मग म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली, पाण्याचं भांडं सुनेच्या जवळ सरकवलं आणि शालूचे पाय आपल्या मांडीवर घेऊन चोळत बसली.

ताप आठव्या दिवशी उतरला. शालूनं डोळे उघडून दुधासाठी आईच्या पदराशी तोंड नेलं आणि देवीदास उठून मळ्यात गेला. मी त्याच्यामागं गेलो. तो वांग्यांच्या वाफ्यात उकिडवा बसून हमसून रडत होता. मी त्याच्या शेजारी बसलो. माझ्या खुळ्या अर्जाबद्दल मला माफी मागायची होती, आणि शब्दांचा सुकाळ असलेला मी त्या दिवशी नुसतं वाफ्यातलं तण उपटत राहिलो.

देवीदास पुढं तीस वर्षं जगला. त्यानं आणखी काय काय केलं. झाडावरची लिंबं काटा न टोचता काढायची कात्री, कचेरीतल्या फायली वाऱ्यानं उडू नयेत म्हणून दाबपट्टी, आंधळ्या शेजाऱ्यासाठी विहिरीची अशी चरखी की बादली काठाशी आली की घंटी वाजावी. बक्षीस कशाला मिळालं नाही, कारण अर्ज भरणाऱ्यानं पुन्हा कधी त्याच्या नावानं अर्ज भरला नाही. पण मला त्याचं एवढं काही आठवत नाही जेवढी त्या सालची चैत्रातली एक दुपार आठवते.

शालूच्या आजारपणानंतर तो चिरलेला पाळणा त्यानं गोठ्यात टाकला होता. रात्री कौशल्येच्या पायाच्या अंगठ्याला दोरी तशीच होती. ती आणखी वाळली होती. मग पाडव्यानंतर कधीतरी त्यानं तो गुपचूप बाहेर काढला. फळी रुंद केली. एकीऐवजी दोन खिट्या बसवल्या. पाळणा ठरल्यापेक्षा वर चढला की दुसरी खिटी चाकाला घट्ट आवळून धरणार आणि सगळं जागच्या जागी थांबणार. मी रविवारी गेलो तेव्हा पाळणा ओसरीवर उभा होता. थैली खाली होती. देवीदास दोरीला हात लावून उभा होता आणि दोरी ओढत नव्हता.

मला कारण कळलं. वरवंटा ठेवून बघण्यात आता अर्थ नव्हता. आणि हे घर गोदाबाईचं होतं. अकोल्याच्या मांडवात झालं ते झालं, पण या छपराखाली, जिथून दोन लेकरं गेली तिथं, तो रिकामा पाळणा हलवायला धजत नव्हता. कौशल्या दाराच्या चौकटीत शालूला घेऊन उभी होती.  तिनं एकदा हे केलं होतं आणि त्याची किंमत तिला आठ दिवस मोजावी लागली होती. पुन्हा तिनंच करावं असं कुणी कोणत्या तोंडानं म्हणणार?

गोदाबाई मेथी निवडत बसली होती. तिनं मुलाकडं पाहिलं. सुनेच्या पायाच्या अंगठ्यावरच्या वळाकडं पाहिलं. मांडीवरची मेथी सुपात झटकली आणि उठली.

"सरक," ती देवीदासला म्हणाली.

तिनं दोन्ही हातांनी दोरी ओढली. थैली वर गेली. तिचे ओठ पुटपुटत होते, कुठल्या कुठल्या देवांची नावं घेत होते, आणि तोंडावरचा रंग उडाला होता. तिनं डोळे मिटले, उघडले, आणि रिकाम्या पाळण्याला असा जोराचा धक्का दिला की आम्ही तिघंही दचकलो. पाळणा वर चढला. आणखी वर.  मग खट्‌ असा आवाज झाला, दुसरी खिटी बसली, चाक थांबलं, आणि पाळणा आपसूक मंदावत उभा राहिला.

"आनखी एकडाव," गोदाबाई म्हणाली.

तिनं तो अकरा वेळा हलवला. मी मोजलं. हळू, जोरात, तिरका, एका बाजूनं हातानं दाबून. अकराव्यांदा तो थांबला तेव्हा ती घामानं न्हाली होती. तिनं कौशल्येसमोर हात पसरले. कौशल्येनं क्षणभर पोरीला उराशी धरलं, आणि मग दिलं. म्हातारीनं नातीला आत ठेवलं, थैली वर ओढली. पाळणा टक्‌टक्‌ करत हळूहळू झुलू लागला. शालूनं मूठ तोंडात घातली आणि चाकाकडं बघत बघत तिचे डोळे जड झाले.

कौशल्या पाळण्याजवळ उभी राहिली. मग बाजेवर बसली. मग, बघू तर किती वेळ चालतो, असं काहीसं म्हणत, जुन्या पाळण्याची दोरी सवयीनं अंगठ्याला बांधून आडवी झाली आणि ते वाक्य पुरं व्हायच्या आत झोपली. देवीदासनं तिच्या अंगठ्याची दोरी सोडली तरी तिला कळलं नाही. ती दिवस मावळेपर्यंत झोपली, आणि दर अर्ध्या तासानं गोदाबाई उठून थैली वर ओढत राहिली.